मागच्या दाराचा जमाखर्च

जमा : नऊ हजार चारशे.
लेथ भंगारात गेलं, अकराशे किलो,
त्यातनं लाईटबिल, ज्ञानूचा राहिलेला पगार
आणि बेअरिंगवाल्याची उधारी वजा जाता
हातात आले ते.

टेम्पोत चढवायला सहाजण लागले.
हे थांबले नाहीत बघायला.
दाढीला जातो म्हणाले
आणि आले ते दाढी न करताच.

पुढं महिनाभर मागचं दार उघडलं नाही कुणी.
पत्र्याची शेड, जमिनीतनं वर आलेले चार बोल्ट,
आणि मधे तेलाचा काळा डाग,
बसलेल्या म्हशीएवढा.

मीच म्हटलं, बसायला जागा करूया तिथं.
चार झाडं लावू.
"कोण येतंय बसायला?"
आपण, म्हटलं.
हसले नाहीत. पण खिशातनं टेप काढली.

शहाबादी फरशी, दोनशे.
लक्ष्मीपुरीतल्या एका कार्यालयानं उपसून टाकलेली,
ते दोनशेही वॉचमनचे.
एक तुकडा चौकोनी असेल तर शपथ.
कुणाच्या तरी लग्नातला गुलाल अजून एका कोपऱ्यात.
रिक्षा तीन खेपा, साडेचारशे.

दस्तगीरभाई म्हणाले, "वहिनी, असलं ठिगळकाम.
मजुरी मागायची लाज वाटालीय."
तरी मागितली. अठराशे.
मी सोळाशे म्हटलं, तेव्हा ते शांतपणे चहा प्याले.
अठराशे.

माती फुकट.
चिखलीच्या नणंदेच्या दारात पुरानं आणून टाकलेली,
तिनं न्हाणीतनं, पलंगाखालनं, देव्हाऱ्यातनं
घमेल्याघमेल्यानं उपसलेली.
"ने बाई," म्हणाली, "माझ्या डोळ्यांसमोरनं ने."
चौदा पोती. एका पोत्यात चमचा निघाला.
परत द्यायला गेले तर ओळखीचा नाही म्हणाली.

केर्लीच्या गुऱ्हाळातली भोक पडलेली काईल,
नऊशे सांगितली, साडेसहाशेला आणली.
तीनदा घासली, तरी आठ दिवस
मुंग्यांची रांग येत होती.
आता तिच्यात गवती चहा आहे, पुदिना आहे.
मुंग्या हळूहळू समजल्या.

रोपं विकत घेतली नाहीत.
अबोली शेजारच्या मालूताईंची,
मोगरा शाळेच्या शिपायानं दिला.
मागून आणलेली फांदी लागते,
चोरलेली जास्त लागते म्हणतात.
म्हणून जास्वंद चोरली.
कुठनं ते वहीत लिहीत नाही.

राहिला डाग.
आणि ते चार बोल्ट.
कापून द्यायला ग्राइंडरवाला तीनशे मागत होता.
"राहू देत," हे म्हणाले,
आणि रात्री दोन वाजेपर्यंत मागं
ठाकठूक.

सकाळी बघते तर बाक.
शेडच्या अँगलचे पाय, शेडच्या दाराची फळी,
चारी बोल्टांना आवळून बसवलेला.
वर लेव्हल ठेवून वाकून बघत होते,
बुडबुडा मधोमध.
"एका सुताचा फरक नाही," म्हणाले.
महिन्याभरातलं ह्यांचं ते सगळ्यात लांब वाक्य.

डागावर मात्र फरशी घालू दिली नाही.
दस्तगीरभाईंनी तेवढ्याचे पैसे कमी केले नाहीत.

पाणी मारलं की फटीफटीतनं
बिडाची भुकटी वर येते, चमकते.
हे लोहचुंबक फिरवून गोळा करतात
आणि जास्वंदीच्या मुळाशी घालतात.
झाडाला लोखंड लागतंच, त्यांचं म्हणणं.
असेल. कळी तर धरलीय,
लाल की पिवळी, चोराला काय माहीत.

शिल्लक एकशे नव्वद.
दोनदा बेरीज केली, चाळीस रुपये जुळत नाहीत.
बल्ब आणायचा राहिलाय.

संध्याकाळी सहाला, उद्यमनगरात भोंगा होतो तेव्हा,
हे बाकावरनं उठतात
आणि दोन्ही हात पुसतात चिंधीला.
हाताला काहीच लागलेलं नसतं.
मी चिंधी धुऊन परत तिथंच अडकवते.

साबण घरखर्चात.