टिंबाच्या पुढचं

"टिंबाच्या पुढं काय टाकू, काका?"
मुजम्मिल विचारतो. बोट माऊसवर, नजर रांगेवर.
मानवतला मोंढ्यासमोर त्याचं सेवा केंद्र :
पीकविमा, सातबारा, नांदेड पॅसेंजरचं तिकीट
आणि आज मपलं नाव.

टिंबाच्या मागचं ठरलेलंच होतं.
टिपूर.
तीस वर्षं शटरवर तेच,
बंद चॅनलवरच्या मुंग्या बघून
पेंटर भुजंगला सुचलेलं.
आता शटर खाली आहे. जॉबवह्या सतरा आहेत,
आणि त्या कुठंतरी उघड्यावर ठेवायच्यात,
येणाऱ्याजाणाऱ्याला चाळता येतील अशा.

लतिफाबी, पाथरी रोड. आवाज आहे, चित्र नाही.
पिक्चर ट्यूबचा भाव सांगितला. म्हणाल्या,
राहू द्या, आवाजावर भागतं.

कुलथे, सोनार गल्ली. पडदा निम्माच उमटतो.
पोरीच्या लग्नाची कॅसेट बघायची होती,
वरचा निम्मा तरी दिसू द्या, म्हणाले.
सगळं वऱ्हाड छातीपर्यंत दिसलं. चाललं.

"कॉम तर कवाच गेलंय. रिपेअर मिळतंय."
रिपेअर आता करतंय कोण.
"म्युझियम?"
मी जिता आहे अजून, म्हटलं.
"मग भारत घ्या. आपल्या अक्षरात येतंय."
घेणारच होतो. पण पाच गल्ल्यांच्या बिघाडांना
एवढं मोठं आडनाव,
थोरल्याचा सदरा धाकट्याला घातल्यागत वाटलं.
नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, लोक हसतात.
मपल्या हाताला खरंच कथलाचा वास आहे,
साबणानं न गेलेला.
नाव त्या हाताला शोभावं, एवढंच.

"मग हे बघा, टीव्ही."
टिंब, टीव्ही.
मी खुर्चीत सरळ झालो.
"पण हा आपला टीव्ही नाही, काका.
एका देशाची अक्षरं हायेत ही. तुवालू."
नकाशा उघडला. निळं. आणखी निळं.
जुन्या सेटसारखा चित्राला वेळ लागला,
मग पाण्यात पडलेल्या सुतळीच्या तुकड्याएवढी जमीन.
मानवतच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी माणसं.
"समुद्र चढायलाय तिथं," तो वाचत होता,
"अक्षरं भाड्यानं देऊन कारभार चालवतेत म्हणं."

तेवढ्यात घरून फोन :
नऊ दिवसांनी नळ आलाय, कुठं बसलाव?

"ते बुडालं तर अक्षरांचं काय?"
मुजम्मिलनं रांगेकडं बघितलं, मग माझ्याकडं.
"तवा बघू. एक वर्ष टाकू का दोन?"
"एक."
ओटीपी सांगितला. पावती निघाली, शाई फिकट.

मागच्या कोऱ्या बाजूला सवयीनं लिहिलं :
गिऱ्हाईक : तुवालू.
तक्रार : चित्र आहे, आवाज येत नाही. पाणी शिरलंय.
आगाऊ : एका वर्षाचे.
द्यायची तारीख
तेवढी रिकामी सोडली
आणि सायकल काढली, नळ जायच्या आत.