पुसलेला दोर

वाईला, पिठाच्या गिरणीवर माझी खोली.
गिरणी सुरू झाली की टेबल थरथरतं
आणि बाण केसभर इकडंतिकडं सरकतो.
म्हणून कडेचं बारीक काम मी दुपारी करते,
गिरणीवाले सपकाळ जेवून आडवे होतात तेव्हा.

पुण्याहून सिनेमाचे तुकडे येतात,
त्यातलं नको ते पुसायचं.
विजेचे खांब. टॉवर.
लढाईच्या मागं उभी राहिलेली एसटी.
सरदाराच्या मनगटावरचा घड्याळाचा पांढरा पट्टा.
पुसलं की भोक पडतं,
भोक बुजवायला शेजारच्या फ्रेममधून
थोडं आभाळ, थोडा दगड उसना आणायचा.
लोक म्हणतात, कॉम्प्युटर करतो.
कॉम्प्युटर वाट बघतो.
करते मी. बोटानं. एकेक.

या खेपेला जुना सिनेमा आला,
धुऊनपुसून परत लावायचाय म्हणे.
पसरणीच्या घाटात कड्यावरनं पडणारा माणूस.
तीन सेकंद, बहात्तर फ्रेमा.
कमरेला दोर. तेव्हा पडद्यावर कुणाला दिसला नाही,
आता चित्र इतकं लख्ख केलंय
की दोराचे पीळ मोजता येतात.
पडणारे बाबालाल मुलाणी.
हिरो त्या वेळी छत्रीखाली बसला होता.
आणि दोराच्या वरच्या टोकाला, चित्राबाहेर,
आमचे अण्णा.

चव्वेचाळिसाव्या फ्रेमला वर डावीकडं
एक मूठ आत येते. अकरा फ्रेमा राहते.
पुण्याचा निरोप:
‘कोपऱ्यात कुणाचा तरी हात येतोय, काढा.’

कुणाचा तरी.
बरं.

अण्णा मेथीची जुडी घेऊन आले,
माझ्या खांद्यावरनं बघत राहिले.
“दोर कुठाय?”
“पुसला.”
“मग त्याला धरलंय कुणी?”

मला वाटलं, आता रागावतील,
जुन्या दिवसांचं काढतील.
तर हसले.
“आम्ही बी लपवायचोच की.
काजळी आन एरंडेल, रातभर चोळायचं दोराला,
कड्याच्या रंगाचा झाला पायजे.
तरी कॅमेरावाला बोंबलायचा, चमकतोय म्हून.
तुझं बरंय. हात काळं होत न्हाईत.”

मेथी निवडता निवडता मग उरलेलं सांगितलं.
दुसऱ्या टेकला दोर घसरला. वीतभर.
वीतभरच, पण बाबालालचा खुबा गेला.
दोराबरोबर अण्णाही कड्यापर्यंत ओढले गेले,
म्हणून ती मूठ चित्रात.
त्यांच्या तळव्यावर आडवी रेघ आहे,
कुठल्याच ज्योतिषाला तिचं नाव सांगता आलं नाही.
“आन तोच टेक ठिवला त्यांनी.
लई खरा वाटला म्हनं.”

बाबालालचाचा काठी टेकत मेणवलीच्या घाटावर येतात,
भेटले की म्हणतात,
पोरी, मला आता तुझ्या मशिनीतनंच पाड,
मी वर बसून च्या पीत बघतो.
चेष्टा करतात का, ते त्यांच्या तोंडावरनं कळत नाही.

मी काम केलं. पैसे घेतलेत.
बहात्तर वेळा दोर,
अकरा वेळा मूठ.
मुठीच्या जागी पुढच्या फ्रेममधला दगड आणला,
थोडं गवतही, वाऱ्याच्या अंगानं वाकवून.

संध्याकाळी अण्णांना दाखवलं.
खाली गिरणी चालू, टेबल थरथरत होतं.
बाबालाल कड्यावरनं निघाले,
कशालाच न बांधलेले,
सदरा फुगलेला, हात पसरलेले,
खाली नुसती दरी.
सुंदर दिसत होते, खोटं कशाला बोलू.

चव्वेचाळीस आली
आणि अण्णांच्या दोन्ही मुठी आवळल्या गेल्या,
प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या दांड्या धरून,
पाय फरशीत रोवून, अंग मागं टाकून.
एक दांडी आधीच तडकलेली होती,
ती करकरली.

चित्र संपलं.
मी बंद केलं.
त्यांनी सोडलं नव्हतं.