पाव किलो लोकर

चित्रात विणणारी बाई दिसली
की समजायचं, ती वाट बघतेय.
असं मी दर वर्षी फळ्यावर लिहितो.
खिडकी, कललेली मान, मांडीवर गुंडा,
म्हणजे कुणीतरी समुद्रावर, कुणीतरी लढाईवर.
गोष्टीत असेल तर आणखी सावध.
तिच्या सुयांना आधीच ठाऊक असतं
कुणाचा धागा कुठं तुटणार.
मुलं उतरवून घेतात. परीक्षेत पाच मार्क.

या वर्षी मागच्या बाकावरून
कोंगारींची तेजस्विनी उठली.
"सर, पण ती विणतेय काय?
मोजा की टोपी?
आणि कुणाच्या मापाचं?"

खडू हातातच राहिला.
बाहेर त्रेचाळीस डिग्री.
पलीकडच्या शेडमध्ये माग खटखटत होते,
टॉवेलावर टॉवेल.

सोलापुरात स्वेटर लागतो फार तर चार सकाळी,
आणि गड्ड्याच्या जत्रेत, रात्री,
पाळणा वर जाऊन थांबतो तेव्हा.
तरी अम्मानं तो विणला.

बाप मागावर. विणणं म्हणजे त्याचं:
ताणा उभा, बाणा आडवा,
मधून धोटा, जन्मभर ये-जा.
मराठीत दोघांच्या कामाला शब्द एकच,
पण त्याच्या विणण्याचे शनिवारी पैसे यायचे.

तिला शिकवलं मिशनच्या दवाखान्यात,
माझ्या वेळी, सिस्टर करुणा रणभिसेंनी.
सुलट, उलट, सुलट.
"वीण दोन्हीला म्हणतात," त्या म्हणाल्या,
"टाक्यांनाही आणि लेकरांनाही."
अम्माचं मराठी तेव्हा कच्चं होतं.
तिनं ते शब्दशः घेतलं.

सुया सायकलच्या स्पोकच्या,
टोकं फरशीवर घासून गोल केलेली.
लोकर नवी पेठेतली, वांगी रंगाची,
पाव किलो, एकदाच.

दिवसा हजार विड्या, रात्री टाके.
मोजायची तेलुगूत, ओकटी, रेंडू, मूडू,
चुकली की शिवी मराठीत.
स्वेटरला तंबाखूचा वास यायचा.
वर्गात माझ्या शेजारची जागा
बहुतेक रिकामी असे.

दर दिवाळीनंतर ती तो उसवायची.
मी समोर, दोन्ही हात पुढं करून,
आणि माझ्या मनगटांभोवती
माझंच मागचं वर्ष गुंडाळलं जायचं.
शेवयांसारखी वाकडी झालेली लोकर
गरम पाण्यातून काढायची,
खाली भरलेला तांब्या लटकवून सरळ करायची,
मग पुन्हा पहिला टाका.

झबलं. मग बिनबाह्यांचा. मग बाह्या.
लोकर तेवढीच, मी मोठा.
टाके सैल होत गेले.
नवव्या वर्षी नुसती जाळी,
वारा विचारतही नसे, आरपार.
दहाव्या वर्षी लोकर संपली
डाव्या कोपराशी.

दोन दिवस सुया तशाच अडकून राहिल्या.
तिसऱ्या दिवशी बापानं खिशातून काढलं
मागाखाली पडलेलं तुटकं सूत,
टॉवेलाचं, पांढरं, कांजीनं कडक,
आणि काही न बोलता जेवायला बसला.

तिनं गाठी मारल्या. विड्यांच्या दोऱ्यानं
तेवढं बोटांना शिकवलं होतं.
कोपरापासून मनगटापर्यंत मी पांढरा.
सूत ताणत नसे. हात वाकवला की आवळायचं.
"तुझ्या बापासारखंच," ती म्हणाली,
पण बाही तिनं दोनदा हातानं सपाट केली.

वाट ती कुणाचीच बघत नव्हती.
मी घरातच होतो,
वाढत होतो, एवढीच अडचण.

तेजस्विनी अजून उभी होती.
मी फळ्यावरची पहिली ओळ पुसली.
म्हणालो, चित्रातला गुंडा बघा.
किती उरलाय? पुरेल?

तिनं एक डोळा मिटला,
हात लांब करून पेन्सिल धरली,
आधी गुंडा मापला, मग बाईची मांडी,
मग काहीतरी पुटपुटत राहिली,
ओकटी, रेंडू.

"एक बाही कमी पडेल, सर."