सत्तर, चार जास्त

बाबा सत्तरीचे झाले त्या रात्री
शाळेतून येताना खडकी बाजारात पाव किलो बालुशाही घेतली
आणि घरापर्यंत त्यांचाच आकडा डोक्यात घोळवत आले.
म्हटलं, ऐका. गोळ्यांचा मनोरा रचायचा.
वर एक, त्याखाली चार, त्याखाली नऊ,
असे चोवीस थर.
मग मोडायचा, आणि सगळे गोळे जमिनीवर चौकोनात मांडायचे.
सत्तर ओळी. ओळीत सत्तर.
एक उरत नाही, एक कमी पडत नाही.
एकुलत्या गोळ्याचा मनोरा सोडला
तर दुसऱ्या कुठल्याच उंचीला हे साधत नाही,
कितीही वर जा.

लहानू बनसोडे, स्टोअरकीपर, दारूगोळा कारखाना,
निवृत्त, डाव्या कानाने अधू,
बशीतला चहा फुंकत म्हणाले,
"चोवीस थर? परवानगी कोणी दिली?
छातीच्या वर रचायचं नाही, असा नियम होता."

मग मी मेणकापडावर चिंचोक्यांचे ढीग लावले:
एक, दोन, पाच, सात,
दहा, चौदा, पस्तीस.
सत्तरला ज्यांनी ज्यांनी भाग जातो ते सगळे,
तो स्वतः सोडून.
त्यांचे ओठ हलले. "चौऱ्याहत्तर. चार जास्त."

आता अख्खे ढीग उचलायचे, फोडायचे नाहीत,
आणि उरलेल्यांचे नेमके सत्तर करायचे.

एक उचलला, त्र्याहत्तर.
दोन उचलला, बहात्तर. दोन्ही उचलले, एकाहत्तर.
पाचाला हात लावला की एकोणसत्तर,
गेलंच.

"बाराचं बघा," मी म्हटलं. "एक, दोन, तीन, चार, सहा.
त्याचेही चारच जास्त.
पण त्याच्याकडे चाराचा ढीग आहे, तो उचलला की मिटलं.
सत्तरच्या आधी ज्यांचं ज्यांचं जास्त होतं
त्या सगळ्यांचं असं काहीतरी मिटतं.
न मिटणारा पहिला हा.
विचित्र संख्या म्हणतात याला."

बराच वेळ ते पाचाच्या ढिगाकडे बघत राहिले.
मग उजवा कान माझ्याकडे असूनही
जरा मोठ्यानेच बोलले:

"ब्याण्णव सालची मोजणी. चार पितळी टोप्या जास्त.
कमी निघालं की चोरी म्हणतात, चौकशी होते, संपतं.
जास्त निघालं की काय म्हणायचं?
म्हणजे कुठलातरी गोळा
टोपीशिवाय गेला असेल ना पुढे.
तीन रात्री मोजलं. चौथ्या रात्री
जेवणाच्या डब्यात घालून नेल्या
आणि होळकर पुलावरून मुळेत.
सकाळी वहीत लिहिलं, जुळले."

"आईला माहीत होतं?"
"डबा तिनंच घासला. तेलकट वास जात नव्हता,
राखेनं घासला दोनदा.
विचारलं नाही काही."

बालुशाहीचा कागद तसाच बांधलेला होता.

पहाटे पाणी प्यायला उठले तर
स्वयंपाकघरात दिवा.
ढीग मोडलेले, चिंचोके लोणच्याच्या रिकाम्या बरणीत,
आणि बरणीवर चिकटवलेली चिठ्ठी,
स्टोअरच्या त्याच तिरप्या अक्षरात:

चिंचोके. नोंदीप्रमाणे ७०.
प्रत्यक्ष ७४.
खाली तारीख. सही.