माहितगार क्रमांक सतरा

पानाला चाळीस रुपये, संदर्भसूचीचे वेगळे.
धंतोलीतल्या या मागच्या खोलीत
मे महिन्यात कूलरचा वारा एकाच बाजूला लागतो,
म्हणून मी उजवीकडे, प्रबंध डावीकडे,
आणि कागद उडू नयेत म्हणून त्यावर
अडकित्ता, पाव किलोचं वजन, चष्म्याचं घर.

वैजयंती हेडाऊचा प्रबंध तीनशे बारा पानांचा.
विषय: नागपुरातील हातमाग विणकरांचे स्थित्यंतर.
पहिल्या पन्नास पानांत
‘असे दिसून येते’ एकोणसत्तर वेळा खोडलं.
कोणाला दिसून येते, बाई?
डोळे कोणाचे ते तरी लिही.
‘सदर’ काढला. ‘सदरहू’ काढला.
‘प्रस्तुत संशोधिका’ मात्र राहू दिली,
गाईडांना आवडते ती.
गाईड झोपेतसुद्धा कर्मणी प्रयोगात घोरतात
असं आमचा टायपिस्ट डोंगरे म्हणतो.

चौथं प्रकरण, पान एकशे अठ्ठ्याऐंशी:
‘हातमाग बंद पडल्यामुळे
प्रतिकूल मानसिक परिणाम झाल्याचे आढळते (माहितगार क्र. १७).’
वाक्य शुद्ध होतं.
ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी, कंस मिटलेला.
टीप पोहोचते कुठे, एवढंच तपासायला
परिशिष्ट तीन उघडलं,
तर तिथे सतरा नंबरची बाई बोलत होती:

‘माग उचलून नेला त्या रातच्याले
मले झोपच नाई आली.
आवाज नव्हता नं बाप्पा.
पोरगी उठून बसली अंधारात,
तिले वाटलं घरच बंद पडलं.’

मी पेन्सिल खाली ठेवली.
कूलरचा पंप तेवढा चालू होता.

फोन लावला. म्हटलं, वैजयंती,
हे मागे अडगळीत काहून टाकलंस?
ती म्हणाली, मुख्य भागात प्रमाणभाषा पाहिजे म्हणाले सर.
म्हटलं, मग अवतरणचिन्हं कशाला असतात?
दोन्ही बाजूंनी धरायचं,
आतल्या माणसाला हात लावायचा नाही.

हे मी बोलले खरी.
तीस वर्षं मीच हात लावत आले आहे.
धीवरांच्या, विडीवाल्या बायांच्या, कोळसा खाणीतल्या माणसांच्या
वाक्यांना इस्त्री करून रांगेत बसवलं,
किती ‘मले’चे ‘मला’ केले
आणि बिलात लिहिलं, भाषाशुद्धी.
त्या सगळ्यांना पदव्या मिळाल्या.
एकाने तर पेढे आणून दिले होते.

असो. सतरा नंबर वर आणला.
दोन्हीकडून अर्धा इंच आत,
एक टिंबही न हलवता.
वरचं ते शुद्ध वाक्य गेलं.
त्याचे पैसे मी घेतले नाहीत.

मग नियमाप्रमाणे विचारत गेले.
मुलाखतीचे ठिकाण?
गोळीबार चौक, मॅडम.
वय?
अडुसष्ट.
संशोधिकेशी नाते असल्यास नमूद करावे.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
त्यामागून कोणीतरी विचारलं,
‘कोनाचा फोन वं?’

तो आवाज मी नुकताच वाचला होता.

नात्याचा रकाना आम्ही दोघींनी
काही वेळ तसाच राहू दिला.
मग मी पुढचा प्रश्न विचारला: तारीख?
‘तारीख कोणती देऊ,’ वैजयंती म्हणाली,
‘दर उन्हाळ्यात सांगते ती हे.’

नियमात दर उन्हाळा बसत नाही.
दिवस, महिना, वर्ष, मध्ये टिंब.
प्रबंध सोमवारी जमा व्हायचा आहे,
सीताबर्डीच्या बाइंडरने
मरून रंगाचं रेक्झिन कापून ठेवलंय,
आज दोनदा त्याचा फोन येऊन गेला.
आणि तळटीप एकशे चारमध्ये
कंस अजून उघडा आहे