कडू संपला

गिरणीत मका टाकला तेव्हा सदबा म्हणाला,
'कोंबड्यांना का?'
'न्हाई,' म्हटलं, 'घरी. बारीक दळ.'
तो हसला. विट्यात मका
एक तर खुराड्यात जातो, नाहीतर गोठ्यात.

इंद्रजितनं मोबाइलवर बघून ठरवलं होतं:
भाकरी, पण बशीएवढी.
भाकरी, पण मोडली पाहिजे पापडासारखी.
वर ठेचलेला घेवडा, कांदा, टोमॅटो,
आणि चीज.
मेक्सिको कुठं ते त्यानं नकाशात दाखवलं.
मी सवयीनं सेलम शोधत होतो.

बावीस वर्षं तिथं सोनं गाळलं,
एका बोळात, दहा बाय आठच्या गाळ्यात.
तेजाबाच्या वाफेनं नाक गेलं.
कुणाला सांगत नाही.
कुणी चाफा पुढं केला की 'वा' म्हणतो.

पोरगं तिथंच जन्मलं, तिथल्याच पोरांत बोलायला शिकलं,
जूनमध्ये इथं सातवीत बसवलं.
पहिल्याच आठवड्यात बाईंनी
ऑफिसातून खडू आणायला धाडलं,
तर रिकाम्या हातानं परत येऊन म्हणाला,
'बाई, कडू संपला.'
अजून त्याच नावानं हाक मारतात त्याला.
घराला गर म्हणतो, भाताला बात.
सुधारायला गेलं की गप्प होतो,
मग ताटात वाढून घ्यायलाही तोंड उघडत नाही.

रविवारी वैजयंता माहेरी गेली होती.
गरम पाण्यात पीठ मळलं.
दुधाची पिशवी कापून
मध्ये गोळा ठेवला, वर पाट दाबला.
पहिली फाटली.
दुसरी खानापूर तालुक्याच्या आकाराची झाली.
तिसरी गोल.
तव्यावर दोन्ही अंगांनी शेकून तेलात सोडली.
'तू नाक,' म्हटलं, 'मी डोळे.
करपाय लागली की सांगायचं.'
हे त्यानं फारच मनावर घेतलं.
स्टुलावर चढून, डोळे मिटून,
'अजून नाही. अजून नाही.
आता!'

घेवडा कोरेगावचा, वाघ्या.
रात्री भिजवलेला, कुकरात मऊ केलेला,
मीठ-लसणाबरोबर वाटीच्या बुडानं ठेचला.
त्यावर चीज किसलं,
काचेचं झाकण ठेवलं, गॅस बारीक.

'वितळलं कसं कळणार?'
बारा वर्षांत पहिल्यांदा
माझ्या धंद्यातलं काही विचारलं त्यानं.
म्हटलं, आधी घाम फुटतो.
मग टोकं मऊ पडतात.
मग कीस किसासारखा दिसायचा थांबतो
आणि वर चकाकी येते. तेव्हा उतरायचं.
'मुशीत पण?'
मुशीत पण.

'झाला की रं तुझा तोष्टादा.'
'टोस्टाडा,' तो म्हणाला. 'टोस्-टा-डा.'
स्वच्छ. एक अक्षर अडलं नाही.
मी परत चुकलो.
मुद्दाम नाही, खरंच.

भिंतीवरून प्रज्योत डोकावला, शेजारचा.
'काय खातोय रं, कडू?'
'टोस्टाडा.'
'ठोस्टाडा?'
'ट नाही,' इंद्रजित म्हणाला. 'ट!'
दोघं एकमेकांकडं बघत राहिले.
मग प्रज्योत असा हसला
की भिंतीवरून आतच पडला,
आणि माझं पोरगं त्याच्याहून मोठ्यानं.

उभ्याउभ्याच खाल्ले तिघांनी.
चावला की फुटायचा,
घेवडा मनगटावर, चीजची तार हनुवटीला.
मला मीठ कळलं, लिंबू कळलं.
बाकीचं त्यांच्या तोंडाकडं बघून.

वैजयंता यायच्या आत फरशी झाडली.
गाळ्यातला केर आम्ही कधी टाकत नव्हतो;
वर्षाकाठी जाळून, धुऊन
त्यातनंही गुंजभर निघायचं.
सुपलीत मक्याचा चुरा जमला, मूठभर.
टाकवेना. कागदात पुडी बांधली.
सकाळी सदबाला देईन, म्हणेन,
घे, कोंबड्यांना.