घट

हुपरीहून नऊची केएमटी.
ओळखीचा ड्रायव्हर असला तर गाडी कट्ट्याला लावून थांबवतो.
आज नवा होता.

सीपीआरच्या ओपीडीत, भिंतीकडच्या बाकावर
नाझनीन मुजावर माझ्याशेजारी येऊन बसली.
मांडीवर पॅड, पॅडवर सहा पानं.
"मावशी, यात डॉक्टरांनी काही लिहायचं नाही.
सगळं तुमचंच."

तेवीस वर्षं पैंजणाच्या कड्या जोडल्या मी.
शेठ चांदी मोजून द्यायचा, पैंजण मोजून घ्यायचा,
मधली घट कुठं गेली ते आपण सांगायचं:
धुरात, कानशीत, फरशीच्या भेगांत.
त्यामुळं मोजमापाची मला भीती नाही.
काटा असला की झालं.

हिच्याकडं काटा नव्हता. एक आडवी रेघ होती,
एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला दहा.
"गेल्या आठवड्यात दुखणं कुठं होतं?"
मी म्हटलं, बोटांत.
ती हसली. "तसं नव्हे. रेघेवर."

मी चारावर खूण केली.
मागं सून उभी होती.
ती केसपेपर आणायला गेली तेव्हा हळूच विचारलं,
पोरी, खोडरबर आहे का?

"सकाळी हात किती वेळ आखडलेला राहतो? मिनिटांत सांगा."
मिनिटं कोण बघतंय.
सांगली केंद्राची धून लागते तेव्हा मूठ मिटत नाही.
सात पाचच्या बातम्या संपताना
अंगठा पहिल्या बोटाला कसाबसा भेटतो.
शाळेची गाडी हॉर्न देऊन जाते,
त्याच्यानंतर कप.
थंडीत गाडी गेली तरी कप नाही.
तिनं हे सगळं उतरवलं,
आणि कडेला बारीक अक्षरात: दोन तास?

"टबातून उठून बाहेर येता येतं का?"
कसला टब?
आम्ही एकमेकींकडं बघितलं.
"हा प्रश्न लांबून आलाय," ती म्हणाली,
"काढायचाय. म्हणून तर तुम्हाला विचारतीय,
त्याच्या जागी काय घालू?"

मग मी सांगत गेले.
पहाटे पाचला पाणी येतं, नळाची चावी फिरत नाही,
तेव्हा कुणाला उठवता, आणि कितव्या दिवसापासून
उठवायची लाज वाटायला लागली, ते लिही.
ब्लाऊजचे हुक कोण लावतं,
ते माणूस गावाला गेलं तर दिवसभर गाऊनवर राहता का, ते लिही.
भाकरी थापता येते का, हे नको. सगळे तेच विचारतात.
भाकरी फाटली तर ताटावरचं माणूस
बोलतं, का गप्प बसतं, ते विचार.
अंबाबाईपुढं हात जोडताना दोन तळवे टेकतात का.
माझे टेकत नाहीत. मधून उजेड दिसतो.
देवीला चालतं.
मला चालत नाही.

डॉक्टर भले आहेत. अठ्ठावीस सांधे दाबून बघतात.
थकवा त्यातल्या एकातही नसतो.
गेल्या खेपेला रक्ताचा रिपोर्ट झकास आला,
ते खूश झाले, मीही हसले.
एवढा चांगला रिपोर्ट,
आणि त्याच्या शेजारी बसलेली मी.

शेवटच्या पानावर "आणखी काही?"
खाली तीन ओळी मोकळ्या.
मी म्हटलं, काम सोडून दोन वर्षं झाली.
पण झोपेत माझी बोटं अजून कड्या जोडतात.
सून बघत बसते, म्हणते,
तेव्हा अजिबात दुखत नाही वाटतं तुम्हाला.
हे कुठं मांडतेस?

तिनं सगळी पानं उलटून बघितली.
मग कडेच्या कोऱ्या जागेत
पट्टीशिवायच एक चौकोन आखला.
वाकडा आला. ती खोडायला निघाली,
खोडरबर माझ्याकडंच होतं.
दिलं नाही.